रिपोर्ट नॉर्मल, म्हणून देवी

माझ्या अंगात देवी येते असं रायपूरच्या आमच्या समता कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं, तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की बायांनो, माझ्या अंगात काही येत नाहीये, उलट जातंय. पायांतून जातंय. पण ज्याच्या अंगात येतं त्याचं मत घ्यायची आपल्यात पद्धत नाही.

सुरुवात पायांच्या बोटांपासून झाली. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. फरशीवरून चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. चप्पल निसटून मागे राहायची आणि मी तशीच पुढे; दुकानात कोणीतरी म्हणायचं, "आंटीजी, दूसरी चप्पल कहाँ गई?" सगळ्यात वाईट म्हणजे तोंड धुणं. साबण झोंबू नये म्हणून डोळे मिटले की मी हेलपाटलेच, दोन्ही हातांनी बेसिन धरावं लागायचं. डोळे उघडे असले तर पाय कुठे पडतोय ते बघून चालता यायचं. मिटले की मला पायच नसायचे.

हे मी नवऱ्याला सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं. माझे यजमान दिवाकर रेल्वेत वॅगन दुरुस्तीला सुपरवायझर होते. जन्मभर एकच काम केलं: वॅगन तपासायची आणि खडूनं तिच्यावर 'फिट' लिहायचं. एकदा लिहिलं की ती फिट, मग ती पुढच्या स्टेशनात आडवी का होईना. निवृत्त झाल्यावर वॅगनी संपल्या आणि मी उरले.

आदल्या दिवाळीत मी फार थकले होते. दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची, तोंडावर पिवळट छटा आली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठच्याही खाली. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर हे म्हणाले, "अवं, रक्तच तं कमी हाये न! त्याले डॉक्टर कायले पाह्यजे?" आणि मेडिकलवाल्याकडून लोहाच्या कॅप्सूल आणि त्याच्या जोडीला बारीक पिवळ्या गोळ्या घेऊन आले. रोज जेवणानंतर माझ्या तळहातावर ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. प्रेमानंच, नाही कशाला म्हणू? उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा तपासलं तर बारा पॉइंट चार. चेहऱ्यावर रंग आला, धापही गेली. यांनी तो रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवला. जणू काही हिमोग्लोबिन त्यांचंच वाढलं होतं.

आणि पाय मात्र त्यानंतरच जास्त बिघडले.

"पाय सुन्न पडून राह्यले माझे," मी म्हणायचे.

"रिपोर्ट पाह्य न तू," हे म्हणायचे. "साऱ्या पानावर एक आकडा लाल नाई. नॉर्मल हाये तू. मनाचे खेळ हायेत हे सारे."

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आमच्या घरी कांकण कोणी बघायलाच तयार नव्हतं, सगळे आरशाकडे बोट दाखवत होते.

त्यातच आमची सून मंजिरी बाळंतपणाची सुटी संपवून कामावर जायला निघाली. तिचं ऑफिस नवा रायपूरला, मुलगा शेखर भिलाईला जाऊन-येऊन. सात महिन्यांची नात दिवसभर माझ्याकडे राहील, असं सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मी सांगितलं की मी पोरीला मांडीवर घेईन, भरवीन, झोपवीन, पण उचलून चालणार नाही. माझ्या पायांचा भरवसा नाही. मंजिरी रायपुरातच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतून येतं. ती म्हणाली, "आई, आपको नहीं संभालना है तो सीधे बोल दीजिए ना. पापा तो बता रहे थे रिपोर्ट एकदम नॉर्मल है."

नाचता येईना अंगण वाकडं, हे ती म्हणाली नाही एवढंच. मी रागानं तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण पोरीला उचललं नाही ते नाहीच. शेवटी तिनं एक बाई ठेवली, आणि घरात एक गाठ बसली. मला नातीची भूक होती. ती हात पुढे करायची तेव्हा मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जायचे.

चैत्र नवरात्राच्या अष्टमीला कॉलनीच्या देवळात मोठी आरती होती. ज्योती लागलेल्या, गर्दी दाटलेली, धुराचे लोट. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मीही मिटले, सवयीनं चूक झाली. पायांखालची जमीन गेली. मी सावरायला डावीकडे झुकले, मग उजवीकडे, मग गोल. घंटा चाललेली, ढोल चाललेला, आणि मी त्या तालावर डोलतेय असं लोकांना दिसलं असणार. शेवटी मी दोघी-तिघींच्या अंगावर कोसळले.

"माय वं! अंगात आली!" कोणीतरी ओरडलं.

मी डोळे उघडून उठायच्या आत माझ्या कपाळभर कुंकू होतं आणि ओटीत नारळ. एक बाई विचारत होती की मुलाची बदली होईल का. मी म्हणाले, "अवं सोडा मले, चक्कर आली." पण देवी आधी नाहीच म्हणते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

घरी आल्यावर वाटलं, आता तरी नवरा घाबरेल. ते घाबरले, पण भलतीकडेच. आरामखुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाले, "मंदा, रिपोर्ट नॉर्मल हाये. बीमारी नाई. मंग हे दुसरं काय असू शकते?"

आता यांच्याशी काय वाद घालायचा! ज्या माणसानं आयुष्यभर सत्यनारायणाला दक्षिणा देताना कुरकुर केली, त्यानं त्या रात्री माझ्यासमोर हात जोडले. मला हसू आलं आणि मग धाय मोकलून रडू आलं. रडणंही त्यांना देवीचंच वाटलं.

पुढच्या मंगळवारपासून दारात बायका यायला लागल्या. कॉलनीतल्या चार, मग रेल्वे लाइनीपलीकडच्या गुढ़ियारीतून दहा. मी कोणाला काही सांगत नव्हते, भविष्य नाही, अंगारा नाही. फक्त खुर्चीत बसून राहायचे आणि नाही म्हणायचे. त्या पाया पडून जायच्या. डोकं टेकवायच्या, हातांनी माझी पावलं धरायच्या. मी खाली बघितलं तरच मला कळायचं की कोणी पाय धरलेत. नजर खिडकीकडे असली तर पायांपाशी आलेलं माणूस उठून गेल्याचंही कळायचं नाही. ज्या पायांवर इतकी डोकी टेकत होती ते पाय मेलेले होते, आणि हे मी कोणाला सांगितलं की त्या आणखी भक्तीनं टेकायच्या.

पिंकी आली ती अशाच एका मंगळवारी. गुढ़ियारीची, पंचविशीतली पोरगी, नवरा मालधक्क्यावर हमाल. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही, आणि सासू दुसरी सून आणायचं बोलते आहे. इकडे छत्तीसगढ़ात एक चाल आहे: ज्यांना मूल नाही त्या बायका जमिनीवर पालथ्या पडतात आणि ज्यांच्या अंगात येतं ते त्यांच्या पाठीवर पाय ठेवून जातात. मग कूस उजवते म्हणतात. पिंकी आमच्या दाराच्या सरकत्या लोखंडी चॅनेल गेटमध्ये आडवी झाली, हात डोक्यापुढे पसरून.

"पाँव रख दे दाई," ती म्हणाली. इकडच्या बोलीत दाई म्हणजे आई.

"ऊठ पोरी, मी काही माता-बिता नाही," मी ओरडले.

बायका मागून म्हणाल्या, ठेवा, ठेवा. दिवाकर माझ्या कोपराला धरून म्हणाले, "नुसता टेकव न. इतक्या आशेनं आली हाये बिचारी."

मला सुटका हवी होती. एकदा पाय टेकवला की ही उठेल, या सगळ्या जातील, दार लावता येईल. तिच्या पाठीवर भार द्यायचा नाही म्हणून मी तिच्या डोक्याच्या पुढे पाय ठेवून वळसा घ्यायचं ठरवलं. आधाराच्या भिंतीकडे बघत पाऊल टाकलं; टाच खाली टेकली असं मला वाटलं. मी सगळा भार त्या पायावर दिला, आणि मी काही हलकी बाई नाही. समोर भिंतीवर हात टेकून उभी राहिले. पिंकीच्या तोंडून चकार शब्द नाही.

"आई! पैर हटाइए!"

मंजिरी होती. त्या दिवशी तिला सुटी होती; नातीला कडेवर घेऊन ती आतून आली होती. मी खाली बघितलं. माझ्या टाचेखाली पिंकीची दोन बोटं होती, आणि बोटांखाली गेटची लोखंडी पट्टी.

मी पाय उचलला तेव्हा ती बोटं भलतीकडे वळलेली होती. पिंकीच्या ओठांतून रक्त आलं होतं, इतके तिनं ते दाबून धरले होते. आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. "कुछु नइ होय दाई. तोर पाँव हे."

मंजिरीनं पोरगी सासऱ्यांच्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. "आई," ती म्हणाली, "आपको सच में पता नहीं चला?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. मी नाही म्हणून मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला, बहुतेक तिला तिचं स्वतःचंच बोलणं आठवलं असावं. ती पिंकीला ऑटोत घालून प्लास्टर घालायला घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सुटी काढून मला तेलीबांध्याला डॉक्टर क्षमांकडे. दिवाकर फाइल घेऊन मागे बसले. फाइलीत वर तो नॉर्मल रिपोर्ट होता.

डॉक्टरीणबाई नागपूरच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी माझे पाय हातात घेतले. दोन फाट्यांचा एक लोखंडी चिमटा ठोकून त्याचं गुणगुणणारं बूड माझ्या अंगठ्यावर टेकवलं. "काकू, थरथर जाणवते?" नाही. घोट्यावर? नाही. नडगीवर? नाही. गुडघ्यावर कुठे जराशी जाणवली. मग तोच त्यांनी दिवाकरांच्या अंगठ्यावर टेकवला. त्यांनी दचकून पाय मागे घेतला.

"किती जोरात झिणझिण करते हे!" ते म्हणाले. आणि मग माझ्या पायाकडे बघत राहिले.

बाईंनी मला उभं करून डोळे मिटायला सांगितले. मी पडले, त्यांनी झेललं. त्या मागे हात धरूनच उभ्या होत्या.

"याच्या आधीचा रिपोर्ट आहे का?" त्यांनी विचारलं. दिवाकरांनी फाइलीच्या तळातून दिवाळीतला काढून दिला. बाईंनी हिमोग्लोबिनकडे बघितलंच नाही, खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी वाचलं नव्हतं?"

"हिमोग्लोबिन कमी होतं," दिवाकर म्हणाले. "ते वाढवलं आम्ही."

"हिमोग्लोबिन सांगतं की रक्त किती आहे. का कमी आहे ते ही ओळ सांगते. एमसीव्ही म्हणजे एक लाल पेशी सरासरी केवढी आहे ते. काकूंची एकशे सोळा. शंभरच्या आत पाहिजे." त्या माझ्याकडे वळल्या, हे मला आवडलं, इतके दिवस माझ्या रक्ताबद्दल सगळे यांच्याशीच बोलत होते. "काकू, हाडांच्या पोटात मगज असतो न, तिथं रक्त तयार होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, सगळ्यांचं माहेर तेच. कच्ची पेशी मोठी असते. ती दुभंगत, लहान होत, तयार होते आणि मग रक्तात उतरते. लोह कमी असलं तर तिच्यात भरायला माल कमी पडतो, म्हणून पेशी लहान आणि फिकी निघते. तुमच्या तर फुगलेल्या होत्या. म्हणजे लोहाचा प्रश्नच नव्हता. दुभंगायला जे लागतं ते नव्हतं. बी-ट्वेल्व्ह आणि फॉलिक अॅसिड. ते नसलं की पेशी नुसती वाढते, दुभंगत नाही, आणि बऱ्याचशा आतच मरून जातात. बाहेर येतात त्या थोड्या आणि बेढब."

"पण मग रक्त वाढलं कसं?" मी विचारलं.

"गोळ्या कोणत्या दिल्या?"

दिवाकरांनी खिशातून रिकामी पाकिटं काढली. ते नेहमी पाकीट जपून ठेवतात, दुकानदारानं दुसरं देऊ नये म्हणून. बाईंनी पिवळ्या गोळ्यांच्या पाकिटावर नख टेकवलं. "हे फॉलिक अॅसिड. यानं मगजाचं काम चालू झालं, रक्त सुधारलं, रिपोर्ट चकचकीत झाला. पण नसांवरचं आवरण टिकायला बी-ट्वेल्व्हच लागतं. तिथं ही गोळी काही करत नाही. रक्त साफ दिसलं आणि नसा मागच्या मागे जळत राहिल्या. रक्त कमीच राहिलं असतं तर तुम्ही दिवाळीनंतर महिन्याभरात कोणाकडे तरी गेला असता."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. इथं तर पखालच टुणटुणीत झाली, आणि म्हैस कोपऱ्यात बसली ती बसलीच.

मग बाईंनी खाण्याबद्दल विचारलं. घरात अंडंसुद्धा येत नाही. "दूध? दही?" मी नाही म्हटलं. सासूबाईंच्या श्राद्धाला आम्ही गयेला गेलो होतो. तिथं वडाखाली एक आवडती वस्तू कायमची सोडायची असते. दिवाकरांनी फणस सोडला, जो ते कधीच खात नव्हते. मी वेडी, खरंच आवडतं ते सोडलं. दूध, दही, ताक, साय, पेढा, सगळं दूधदुभतं. त्याला सहा वर्षं होऊन गेली.

"यकृतात बी-ट्वेल्व्हचा साठा काही वर्षं पुरतो," बाई म्हणाल्या. "तुमचा पुरला आणि संपला." त्यांनी तपासणी लिहून दिली आणि रक्त घेतल्याबरोबर पहिलं इंजेक्शन दिलं. बी-ट्वेल्व्हचा आकडा पुढे संध्याकाळी कळला, तो जेमतेम म्हणण्यासारखाही नव्हता.

"पाय परत येतील?" मी विचारलं.

"मगज आठवड्याभरात जागा होतो. नसांचं तसं नसतं. महिने लागतील. काही येईल, काही कदाचित येणार नाही. लवकर यायला पाहिजे होतं, काकू."

मी दिवाकरांकडे बघितलं. इतके महिने मी या क्षणाची वाट पाहत होते. बघा, मी खोटं बोलत नव्हते, असं यांच्या तोंडावर फेकायचं ठरवून ठेवलं होतं. पण ते त्या पाकिटाची घडी घालत बसले होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा घालत होते. मी खरी ठरले होते आणि मला खोटं ठरायचं होतं. खोटी ठरले असते तर निदान पाय माझे राहिले असते. मला त्यांचा इतका राग आला की ऑटोत मी मंजिरीच्या बाजूला बसले, आणि तिनं रस्ताभर माझा हात धरून ठेवला.

मंगळवारच्या बायकांना मंजिरीनंच परतवलं. काहींनी नाकं मुरडली, काहींनी माझ्या पावलांच्या दिशेनं लांबूनच नमस्कार केला. इंजेक्शनं चालू होती. पायांत अजून काही नव्हतं. जमिनीवर बसून मी नातीला मांडीवर घेत होते, एवढंच.

पिंकी पाचव्या-सहाव्या आठवड्यात आली. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हातात नारळ. गेटमध्ये पुन्हा आडवी व्हायला लागली तशी मी ओरडले, "बस इथं. खाली. माझ्याजवळ." ती बिचकून बसली. पाळी पुन्हा आली, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी पाय मधेच उचलला गेला म्हणून फळ मिळालं नाही. आज पूर्ण ठेव, हा हात अजून चांगला आहे.

तिनं उजवा हात माझ्यापुढे पसरून दाखवला.

मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. मेरे अंदर कोई माता नहीं आती. मला आजार आहे. पाय सुन्न आहेत. तुझी बोटं माझ्या पायाखाली आहेत हे मला कळलंच नाही. कळलं असतं तर मी कशी ठेवली असती? तुझं काय ते डॉक्टरला दाखवू, नवऱ्यालाही आण, मंजिरी घेऊन जाईल.

ती ऐकत होती. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांकडे बघत होती. मग म्हणाली, "त मोर उँगरी फोकट म टूटिस का दाई?"

दारात दिवाकर उभे होते. ते घाईघाईनं म्हणाले, "नहीं नहीं बेटी, ऐसा नहीं बोलते. माता जी की कृपा..."

"चूप बसा," मी म्हटलं. इतक्या जोरात की आत नात दचकून रडायला लागली. मला काय वाटत होतं ते सांगते: त्या पोरीला एक खोटं बोललं असतं तर ती हसत घरी गेली असती. पुन्हा हात पसरून आली असती. आणि मी यांच्यासारखीच पिवळी गोळी तिच्या तळहातावर ठेवली असती.

"हव," मी तिला म्हटलं. "फोकटच तुटली."

तेव्हा पिंकी रडायला लागली. माझ्या टाचेखाली बोटं मोडली तेव्हा तिनं आवाज काढला नव्हता, प्लास्टर घालतानाही नाही, असं मंजिरी सांगत होती. आता ती तो हात छातीशी धरून मोठ्यानं रडत होती, दुखतंय म्हणत होती, बहुत पिरावत हे दाई, बहुत पिरावत हे, आणि मी तिला जवळ घेऊन बसले, कारण उठून पाणी आणायचं तर माझे पाय सापडेनात.